कुलाब्याचा वळसा

पुस्तक आणाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. कफ परेडच्या मच्छीमार नगरात वारा खारा आहे आणि लाटेला ग्रंथांची कदर नाही. कोणतं पुस्तक, ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रवासाचं असलं म्हणजे झालं. जमलं तर घरातल्या कुणीतरी आधी वाचून पानांचे कोपरे दुमडून ठेवलेलं असावं.

यायचं पौर्णिमेच्या दुपारी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, पुरी ओहोटी. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण. पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीला आलात तर भांगाचं पाणी, ते आळसट. धड चढत नाही, धड उतरत नाही. आपल्याला लांब जायचंय.

भुयारी मेट्रोचं शेवटचं स्थानक कफ परेड. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही गाडी इथवर आली. आरेकडून निघालेला माणूस साडेतेहतीस किलोमीटर, बहुतेक जमिनीच्या पोटातून, येतो आणि कोळ्यांच्या वस्तीशेजारी डोकं वर काढतो. वर आलात की काचेचे मनोरे दिसतील. त्यांच्याकडे पाठ करा आणि गल्लीत शिरा. समोरून पाटी घेऊन बाई आली तर भिंतीला चिकटायचं ते तुम्ही, तिने नव्हे. नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग, थर्माकोलचे फुटके खोके, डिझेल, सुक्या मासळीचा घट्ट वास, आणि मग गल्ली संपते न संपते तोच पाणी.

"दादा, त्यावर पाय नको देऊ. जवळा हाय."

तुम्ही खाली बघता. ज्याला तुम्ही वाळू समजत होतात तो ताडपत्रीवर पसरलेला जवळा आहे, गुलाबी, डोळ्यांचे काळे ठिपके असलेला. "चुकलं मावशी," म्हणा आणि ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसा. दोन वाजलेत. पाणी उतरायला लागलंय. पुस्तक उघडा.

मागे काहीतरी हलतंय. बघा हवं तर. मनोरे खाली बसतायत, एकेक मजला, घाई न करता. वर्ल्ड ट्रेड सेंटर गेलं, बाजूची हॉटेलं गेली. मग खुद्द तुमच्या पायाखालची जमीन सुटते. आश्चर्य वाटायला नको, ही सगळी बॅकबेची भरावाची जमीन. भराव पडण्याआधी इथे समुद्र होता. तुम्ही भिजल्या चपलांनी मागे सरकत सरकत एका कठड्याला टेकता आणि त्यावर चढून बसता. साल १९६०.

हीच मूळची कफ परेड. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कफ नावाच्या साहेबाची आठवण म्हणून नाव दिलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्र हटवून केलेली सडक. पाठीमागे ऐटदार बंगले, पुढे थेट पाणी. तुम्ही गिरगावातल्या चाळीत राहता, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून आहात. आज शनिवार, अर्धा दिवस. सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली. घराजवळ चौपाटी असताना इथवर तंगडतोड कशासाठी?

इथून बोटी दिसतात म्हणून. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला. विलायतेची बोट तिथून सुटते, दक्षिणेला उतरते, कुलाब्याच्या टोकाला, प्राँग्जच्या दीपस्तंभापलीकडून वळसा घालते आणि पश्चिमेला लागते. निरोप द्यायला आलेली मंडळी धक्क्यावर रुमाल हलवतात, डोळे पुसतात आणि बस पकडून घरी जातात. बोट खरोखर जाताना दिसते ती शहराच्या या दुसऱ्या बाजूने. धक्क्यावरचा निरोप हा समारंभ, वळशानंतरचं लहान लहान होत जाणं हे जाणं.

तुमच्या मांडीवर पुलंची 'अपूर्वाई' आहे. नवीकोरी, याच वर्षी आलेली. वाचनालयाची प्रत, सोमवारी परत द्यायची, मागे नंबर लावून माणसं बसलीयत. तुमच्याकडे पासपोर्ट नाही. परकीय चलनावर सरकारचा पहारा आहे, आणि चलन मोकळं झालं तरी तुमच्या पगारात विलायत बसत नाही. पण पार्ल्यात वाढलेला एक माणूस बायकोबरोबर तिथे गेला, गोंधळला, गारठला, हरखला आणि परत येऊन तुमच्याच भाषेत, तुमच्याच पट्टीत सांगू लागला. तुम्ही कठड्यावर एकटेच हसताय. शेजारी गळ टाकून बसलेला मुलगा तुमच्याकडे संशयाने बघतोय.

पुलंनी नेमकं काय केलं? विलायतेची भीती घालवली. ज्या देशाने दीडशे वर्षं हुकूम सोडले, त्याच्या रस्त्यावरून मराठी माणूस न दबता आणि न गुरकावता चालू शकतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९६३ मध्ये 'पूर्वरंग' आलं आणि तीच नजर पूर्वेकडे फिरली. त्यांच्या मागून मात्र मराठीत एक पीकच आलं. थंडी, पांचट चहा, बॅगेत सांडलेला चिवडा आणि साडीतल्या बायकोकडे वळून बघणारे गोरे, एवढ्या भांडवलावर काढलेली प्रवासवर्णनं मी पोत्याने वाचली आहेत. ती वाचून कुठे जावंसं वाटत नाही. चिवडा खावासा वाटतो.

पान उलटा. १९४०.

कठडा तोच, हवा निराळी. युरोपात लढाई पेटलीय, आणि बंदरातून जाणाऱ्या बोटींकडे आता कुणी हौसेने बघत नाही. या वर्षी अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' बाहेर पडलंय. धुकं लंडनचं, तारा मॉस्कोचा. आधुनिक मराठी प्रवासवर्णनाची सुरुवात बरेच जाणकार इथून धरतात, आणि ते ठीकच आहे, कारण गाव, देऊळ, धर्मशाळा यांची नोंदवही बाजूला ठेवून लिहिणाऱ्याचं मन मध्यभागी आणणारं हे पुस्तक. त्या लाल ताऱ्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, काणेकरांना तेव्हा नव्हतं. मला त्यात काही बिघडलंय असं वाटत नाही. जुनं वेळापत्रक निरुपयोगी होतं. जुन्या माणसाची आशा चुकीची निघाली तरी वाचनीय राहते.

शिट्टी ऐकलीत? पाठीमागून आली. आज जिथे रेल्वे अधिकाऱ्यांचं बधवार पार्क आहे, तिथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचं कुलाबा स्टेशन होतं. मुंबई सेंट्रल झालं आणि १९३० च्या अखेरीस कुलाब्याचा गाशा गुंडाळला गेला. पण तुम्ही उलटे चालला आहात, म्हणून तुमच्या पाठीमागे ते बंद न होता आत्ता उघडतंय. हमालांची आरडाओरड, इंजिनाची वाफ, वळकट्या, पितळी डबे. गुजरातकडे, उत्तरेकडे निघालेली माणसं. इथेच गाड्या सुटत आणि इथूनच बोटी दिसत. या शहरातून निघून जायचे दोन्ही रस्ते एका हाकेच्या अंतरावर होते, आणि मधे कोळी जाळं विणत बसलेले.

आता कठडा विरघळतो. मघाशी सांगितलं, तो विसाव्या शतकातला. तुम्ही पाण्यात पडता. खोल नाही, पण नाकातोंडात जायला पुरेसं आहे. एक हात तुमची बखोट धरून तुम्हाला होडीत ओढतो.

"खाली बस. शीड फिरतंय."

होडी हाकणाऱ्या तांडेलाला तुमच्या येण्याचं नवल नाही. समुद्रातून काय काय निघतं हे त्याने पाहिलेलं आहे. तुम्ही दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसता. पुस्तक पिशवीत आहे ना? बघा, सांगितलं होतं.

एप्रिल १८८३. चहूकडे नजर टाका, कारण हा देखावा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. नरिमन पॉइंट नाही. मरीन ड्राइव्ह नाही. बॅकबेचं पाणी मोकळं, अर्धवर्तुळात, पार मलबार हिलपर्यंत. किनाऱ्याशी पाच वर्षांपूर्वी पुरा झालेला राजाबाई टॉवर. दक्षिणेला अफगाण चर्चचं टोकदार शिखर. तांडेल त्या शिखराकडे बघतो, मग दुसऱ्या एका खुणेकडे, दोन्ही एका रेषेत आली की सुकाणू वळवतो. नकाशा नाही, होकायंत्र नाही. समुद्रातली जागा जमिनीवरच्या दोन खुणांनी सापडते, हे त्याला बापाने शिकवलं.

आणि ती बघा आगबोट. प्राँग्जचा दीपस्तंभ, हाही अवघा आठ वर्षांचा, तिने मागे टाकला आहे. धुराची काळी रेघ वाऱ्यावर मोडतेय. डेकवर ठिपके आहेत. या महिन्यात अशाच एका बोटीने मुंबईहून पंडिता रमाबाई विलायतेला निघाल्या. वय पंचविशीचं. वर्षापूर्वी वैधव्य आलेलं. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. एवढ्या लांबून ओळखू कुणीच येणार नाही, आणि मी उगाच 'ती बघा, कठड्याला टेकून उभी आहे' असं सांगणार नाही. ती आत केबिनमध्ये मळमळत पडलेली असेल, हेही तितकंच शक्य.

तिकिटाचे पैसे कुठून आले, ते मात्र सांगता येतं. 'स्त्रीधर्मनीति' हे तिचं पुस्तक आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, निघालं होतं. त्याच्या विक्रीतून आले. पुस्तक लिहिलं, विकलं, तिकीट काढलं. मराठी लेखकांपैकी किती जणांना आजही हे जमेल?

माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे. प्रवासवर्णनाचं पहिलं प्रकरण खरं असेल तर पुढचं वाचावं. निघायचं कसं ठरलं, पैसे कुणाकडून घेतले, घरी काय सांगितलं, कुणी अबोला धरला, पिशवीत काय घेतलं आणि काय राहिलं. पुढे दिसणारे राजवाडे कुणीही वर्णन करू शकतो. वाचणाऱ्याच्या पायात बळ येतं ते या हिशेबाने, कारण त्याचा स्वतःचा हिशेबही तिथेच अडलेला असतो.

रमाबाईंना तर चालण्याचं बाळकडूच होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थातीर्थांतून पुराणं सांगत फिरले. मुलगी पायी पायी देश बघत वाढली, दुष्काळात आईबाप गमावून पुन्हा चालत राहिली. त्या मुलीने इंग्लंडहून स्नेह्याला लिहिलेलं पत्र 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून १८८३ मध्येच छापलं गेलं. पुढे ती अमेरिकेला गेली, तीन वर्षं हिंडली, आणि पश्चिमेला गेलेली बाई जपानमार्गे, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून, १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला परतली. मार्चच्या ११ तारखेला तिने शारदा सदन उघडलं. कुठे? चौपाटीला. या होडीतून उत्तरेला बोट करा, पाण्यापलीकडे, तिथे. आज मधे नरिमन पॉइंट आडवा येतो. तेव्हा आडवं काही नव्हतं.

त्याच वर्षाच्या शेवटी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निर्णयसागरच्या छापखान्यातून बाहेर पडलं. नावच सांगतं की आधी लोकस्थिती, मग प्रवास. बायका संस्था कशा चालवतात, शाळांना पैसे कोण देतं, गोऱ्यांनी तिथल्या मूळच्या लोकांना कसं वागवलं, असे प्रश्न विचारत ही बाई फिरली. परक्या मुलखात काय बघावं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आजही हे पुस्तक आधी वाचावं.

तांडेलाने तोंडात पान टाकलंय. आगबोटीकडे त्याने एकदाच पाहिलं, लाट किती येईल एवढं बघण्यापुरतं. आता एक गंमत बघा. डेकवरच्या त्या हिंदू उतारूंपैकी कुणी परत आला तर जातीत घ्यायला प्रायश्चित्त लागेल. समुद्र ओलांडला ना! पंचगव्य, दंड, वादंग, वर्तमानपत्रांत पत्रव्यवहार. आणि हा तांडेल? हा रोज पहाटे जमीन दिसेनाशी होईपर्यंत जातो, रोज परत येतो. वर्षातून एकदा समुद्राला नारळ देतो, पुढे कामाला लागतो. त्याला प्रायश्चित्त सांगायला कधी कुणी शास्त्री किनाऱ्यावर आला नाही. ज्यांचा समुद्राशी संबंध नव्हता त्यांच्यापुरताच तो काळा होता.

वीस वर्षं अजून मागे. १८६३. दीपस्तंभाचा प्रकाश विझतो, टॉवर जमिनीत जातो. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' यंदा छापून आलंय. माडगांवकर मूळचे गोव्याचे. लहानपणी, १८२४ मध्ये, मुंबईत आले. त्यांनी बोट पकडली नाही. जिथे राहत होते तेच शहर त्यांनी परक्या माणसाच्या कुतूहलाने पाहिलं आणि लिहिलं. मुंबईवरचं एवढं सविस्तर पुस्तक त्याआधी मराठीत नव्हतं. त्यांच्या लहानपणी कुलाबा हे बेट होतं, भरती आली की शहराशी संबंध तुटलेलं. त्याला शहराशी जोडणारा दगडी रस्ता १८३८ मध्ये झाला, ज्याला आपण अजूनही कॉजवे म्हणतो आणि ज्याच्यावर कानातली विकत घेतो. पासपोर्ट नसलेल्या, रजा नसलेल्या, पैसा नसलेल्या माणसासाठी माझ्याकडे एकच शिफारस आहे, ती माडगांवकरांची. आपल्या गावात पाहुण्यासारखं फिरा. फुकट आहे.

आता उलट्या बाजूला, पूर्वेकडे, तोंड करा. कुलाब्याच्या जमिनीपलीकडे बंदर, बंदरापलीकडे पेणचा मुलूख. पुढे जो कुलाबा जिल्हा झाला आणि १९८१ मध्ये रायगड, त्यातलंच वरसई. १८५७. विष्णुभट गोडसे नावाचे तरुण भिक्षुक काकांबरोबर तिथून उत्तरेला निघालेत. कारण? कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचं देणं फिटेल. पहिलं प्रकरण खरं असावं म्हणतो ते असं.

दक्षिणेसाठी निघालेला माणूस बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीत वेढ्यात अडकला, राणीला डोळ्यांनी पाहिलं, शहर पडताना आणि लुटलं जाताना जीव मुठीत धरून लपला. मिळवलेलं पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. कर्ज फेडायला गेलेले भटजी पैशाच्या बाजूने पाहिलं तर रिते परत आले. खांद्यावर कावड होती, कावडीत गंगा. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

हे सगळं त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलं, आणि इंग्रजी राज्याच्या धाकाने ते तसंच पडून राहिलं. 'माझा प्रवास' छापलं गेलं १९०७ मध्ये, लेखक गेल्यावर, तेही वैद्यांनी हात फिरवून. गोडश्यांचा मूळ मजकूर वाचकांच्या हाती यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेलं. मराठीतलं सर्वांत थरारक प्रवासवर्णन हे असं नाइलाजाने घडलेलं आणि भीतभीत लिहिलेलं आहे. लेखक व्हायला कुणी निघालंच नव्हतं.

पाणी अजून थोडं उतरतंय. दक्षिणेला चौलच्या दिशेने बघा. तिथे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता, त्याच्याही मागे लिहिलेली पानं राहिली. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. इतक्या लांब तुम्हाला नेत नाही. सव्वापाच वाजले.

ओहोटी थांबली. समुद्र क्षणभर निपचित पडतो. तांडेल जाळ्याच्या दोराला हात घालतो. डोल जाळं असंच चालतं, पाण्याच्या ओढीने भरतं आणि पाणी पडलं की उपसायचं असतं. जाळ्यात बोंबील आहेत, कोलंबी आहे. तो एक बोंबील तुमच्या पायाशी टाकतो, मघापासून काही न करता बसून राहिल्याचं बक्षीस म्हणून.

मग भरती लागते. भरतीत वर्षं भराभर येतात.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडते, सहाशेहून अधिक माणसं जातात. जी थोडी वाचली, त्यांतल्या काहींना रेवसकडच्या कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यातून उचललं. भराव पडतो, मनोरे उठतात. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. एक रबरी होडी याच वाळूला लागते, हल्लेखोर उतरतात. वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलं होतं. त्या रात्रीपासून मच्छीमार नगर हे नाव देशभर कळलं आणि अजूनही लोक ती जागा कुठली म्हणून फोटो काढायला येतात. पाच मिनिटं थांबतात. जवळ्यावर पाय देतात.

याच वर्षांत मराठीत आणखी एक गोष्ट घडत होती. जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' हातोहात फिरत होतं, आणि ते वाचून बँकेतले निवृत्त अधिकारी, शिक्षिका, गुडघे दुखणारे काका नर्मदेच्या काठाने चालायला लागले. गो. नी. दांडेकरांनी त्या काठावरून फार आधी लिहिलं होतं. पण दुसऱ्या कुठल्या पुस्तकामुळे इतकी माणसं प्रत्यक्ष घराबाहेर पडलेली मी पाहिली नाहीत. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते. मुखाशी मात्र समुद्रातून वळसा घालावाच लागतो. दक्षिण काठाच्या विमलेश्वराहून उत्तरेच्या मिठी तलाईला, भरतीची वाट बघत, नावेत दाटीवाटीने बसून. हजारो पावलं स्वतः चालणारा परिक्रमावासीही तेवढ्यापुरता दुसऱ्याच्या नावेवर सोपवलेला असतो. परत आलेल्यांनी लिहिलेली पुस्तकं मी चाळली आहेत. आश्रमांची आणि महाराजांची नावं ठळक असतात. नाव वल्हवणाऱ्याचं नाव बहुधा नसतं.

तुम्ही पुन्हा ओढून ठेवलेल्या होडीपाशी आहात. अंधार पडलाय. पाठीमागून, मनोऱ्यांच्या फटीतून, चंद्र वर आला आहे. पाणी तुमच्या चपलांपाशी पोचलंय. मावशीने जवळा गोळा करून ताडपत्रीची घडी घातलीय.

"दादा, भरती लागली. वर ये."

तुम्ही उठता. पुस्तकावरची वाळू झटकता.

"कसलं बुक हाय?"

"प्रवासाचं, मावशी. समुद्रावरून विलायतेला गेलेल्या लोकांचं."

"आमचे घरचे रोज जातात," ती म्हणते. "त्यांचं कोन लिव्हतंय?"

याला उत्तर देता येत नाही. तुम्ही अर्धा शेर जवळा मागता. ती अंदाजाने त्याहून जास्त ओतते, पुस्तकाची पिशवी मागून घेते आणि त्यातच बांधून देते. पुस्तक आता हातातून न्या.

आणि पुन्हा या. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तांडेल आणि खलाशी दारात बसून जाळी दुरुस्त करत असतात. वर्षातला हा एकच काळ, जेव्हा त्यांना बोलायला सवड असते. येताना पुस्तक नको. वही आणा.